मामांची तिसरी ओळ

मामा कोणतीही गोष्ट दोनदा सांगत आणि मगच तिसरं वाक्य बोलत. जऊळक्याच्या गायन पार्टीचे ते मुख्य गायक. आपण ओळ म्हणायची आणि मागच्या कोरसनं ती उचलायची, ही त्यांची जन्माची सवय. घरात मागे कोरस नसे, म्हणून ते कामही तेच उरकून घेत. जेवायला बसले की मामींना म्हणायचे, "भाकर करपली. भाकर करपली वं. पण आज तू बोलली नाईस, म्हणून गोड लागली." मामी माझ्या आईला सांगायच्या, "पह्यल्या दोनदात मले राग येते, तिसऱ्यात हासू येते. असा माणूस टाकता बी येत नाई."

नात्यानं ते माझ्या आईचे चुलतभाऊ, पण सारं गावच त्यांना मामा म्हणे. मी सातवी झालो तेव्हा वडील मला कोणाकडे तरी सालानं ठेवण्याच्या विचारात होते. मामा संध्याकाळी अंगणात येऊन बसले, चहा घेतला आणि वडिलांना म्हणाले, "पोरगं शिकन. समज, पोरगं शिकलं. मंग तुह्या अंगठ्याले सुट्टी भेटन." वडील आपल्या अंगठ्याकडे पाहून हसले आणि माझी शाळा पुढे चालू राहिली. त्या दिवसापासून मामा मला 'बीए' म्हणू लागले. मॅट्रिक व्हायच्या आधीच मी बीए झालो होतो. पुढे खरोखरच व्हावं लागलं, कारण तोवर गावात माझं खरं नाव कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

बुद्धपौर्णिमेला आमच्या गावात दोन पार्ट्यांचा मुकाबला होई. समोरासमोर दोन स्टेज. एका पार्टीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातूनच जबाब द्यायचा. जी पार्टी हरेल तिनं पुढच्या वर्षी त्याच मैदानात आधी जिंकलेल्या पार्टीचं गाणं म्हणायचं, असा आमच्याकडचा रिवाज. मामांवर ती पाळी कधीच आली नव्हती आणि हेही ते दोनदा सांगत.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. मी वाशीमच्या कॉलेजातून सुट्टीवर आलो होतो. गावातले काही तरुण म्हणू लागले की पार्ट्या पुष्कळ ऐकल्या, आता पौर्णिमेला पडद्यावरचा सिनेमा आणू. मामांनी विहारातल्या बैठकीत उभं राहून सांगितलं, "मुकाबला होईन. मुकाबला होईनच. नाई झाला तं ही ढोलकी खुंटीले टांगली समजा, मंग मी गाणार नाई." आणि मानोऱ्याकडच्या एका पार्टीला त्यांनी सुपारी देऊन टाकली. ऐन पौर्णिमेच्या दुपारी निरोप आला की तिकडच्या गायकाचा घसा बसला आहे, पार्टी येत नाही. मामा ढोलकी मांडीवर घेऊन ओसरीवर बसले. मामींनी खुंटीवरची पिशवी काढून जागा करून ठेवली.

तेवढ्यात दौलत धावत आला. दौलत म्हणजे कोरसचा म्होरक्या. त्यानं बातमी आणली की खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन गावच्या स्टेशनात बंद पडलं आहे, सकाळपर्यंत दुसरं येत नाही, आणि गाडीत चार लांब केसांची पोरं वाजे घेऊन बसली आहेत. मामा उठलेच. इंग्रजी बोलायला म्हणून मला बरोबर घेतलं. वाटभर मी इंग्रजी वाक्यं जुळवत गेलो. स्टेशनावर त्यांच्यातला पुढारी हैदराबादी हिंदीत म्हणाला, "पानी मिलेगा क्या भाई?" माझी वाक्यं तशीच राहिली.

ती पोरं इंदूरकडे कुठल्याशा संगीताच्या मेळ्यात वाजवायला निघाली होती. एकाजवळ विजेवरचं गिटार, एकाजवळ तोंडानं वाजवायचा बाजा, दोघांकडे ढोल. आपण ब्लूज गातो असं पुढाऱ्यानं सांगितलं. अमेरिकेत काळ्या लोकांना गुलाम करून नेलं होतं, ते कापसाच्या शेतात राबताना जे गात त्यातून हे गाणं निघालं. मी मामांना समजावून सांगितलं.

मामांनी विचारलं, "कापूस येचत होते? गुलाम होते आन् कापूस येचत होते? मंग या पोरायले पह्यले चहा पाजा, आपलेच पाहुणे हायेत."

चहावर पोरं मुकाबल्यात समोरची पार्टी व्हायला राजी झाली. गावात वीज नव्हती. लाउडस्पीकर ट्रकच्या बॅटरीवर चाले. भोंगेवाल्यानं बरीच खटपट करून गिटारची वायर त्यालाच जोडली. दिवेलागणीला निंबावरच्या भोंग्यातून पहिला सूर निघाला आणि शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. म्हशीमागे तिचा मालक आणि मालकामागे निम्मे श्रोते. सगळे परत येईपर्यंत मामा शांतपणे ढोलकीला शाई चोळत बसले होते.

मग त्यांनी सवाल टाकला. राजवाडा, बायको, लेकरू सोडून सिद्धार्थ रानात गेला, तो काहून गेला? मी तो पुढाऱ्याला हिंदीत सांगितला. त्याला किती समजला कोण जाणे. त्यानं मान हलवली आणि त्याच्याजवळ जे गाणं होतं ते सुरू केलं. मी माईकवर एकेक ओळ मराठीत सांगू लागलो.

"गाडी गेली, माझं माणूस गाडीत होतं."

त्यानं पुन्हा तीच ओळ म्हटली. मीही पुन्हा तीच सांगितली. मागून कोणीतरी ओरडलं, "पुढं चाल ना, बीए!" मामांनी हात वर केला. "दोनदा म्हणू दे. दोनदाच म्हणावं लागते. तिसरी आता येते पाह्य."

आणि तिसरी आली. "आता रुळाशीच माझी सोयरीक." पोरगा थांबला तिथे गिटार बोललं, गिटार थांबलं तिथे बाजा रडला. पुढे बसलेल्या एका म्हातारीनं मला विचारलं, "कोणती गाडी, बापू? खंडव्याची का पूर्णेची?" पण हसलं कोणी नाही. निम्म्या घरांतली माणसं कामासाठी त्याच गाडीनं जात.

आता मामा काय उलटवतात म्हणून सारे त्यांच्याकडे पाहू लागले. मामांनी ढोलकीवरचे हात काढले. "हरलो. हरलो बाप्पा. मी इचारलं तो गेला काहून, आन् या पोरानं यशोधरेचं काय झालं ते सांगतलं."

सकाळी पोरांना गाडीत बसवून परत येताना मी प्रामाणिकपणे मामांना खरं सांगितलं, की ते गाणं सोडून गेलेल्या प्रेमिकेचं होतं, यशोधरेशी त्याचा संबंध नाही. मामा चालता चालता थांबले. "प्रेमिका? प्रेमिका म्हणतं? मंग यशोधरा काय शेजारीण होती?" यावर आमच्या कॉलेजात काही शिकवलेलं नव्हतं.

पुढच्या वर्षी रिवाजाप्रमाणे मामांनी ते गाणं म्हटलं. चाल तीच, शब्द वऱ्हाडी. यशोधरा रिकाम्या वाड्यात उभी राहून बोलते. तोंडाचा बाजा गावात कोणाकडे नव्हता, म्हणून दौलत नाकावर हात धरून तो आवाज काढी आणि तेवढ्यावरही बाया डोळे पुसत. सिनेमाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. हरलेलं गाणं एकदाच म्हणायचं असतं, पण गाव दर पौर्णिमेला तेच मागू लागलं. खुंटीवर पिशवीच राहिली.

मी बीए झालो, अकोल्याला नोकरी लागली. स्टेशनावर मला सोडायला पार्टी आली होती. गाडी हलली तसे मामा खिडकीबरोबर चालू लागले. "चालला. चालला माहा बीए. पोचल्यावर पह्यले जेवजो, मंग रडजो." मी तसंच केलं.

काही वर्षांनी एका दुपारी दौलत ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. हातात टोपी होती. मी उठून बाहेर आलो.

"मामा गेले, बीए," तो म्हणाला. त्यानं पुन्हा म्हटलं, "मामा गेले."

मग आम्ही दोघंही सवयीनं तिसऱ्या ओळीची वाट पाहत उभे राहिलो.