पुष्पाबाईंचे सोळापैकी सोळा

माणसांवर विश्वास ठेवायचा पगार मला मिळत नाही. शुगरच्या पेशंटच्या पायाला जखम झाली की डॉक्टर त्याला गोळ्या, पट्टी, पथ्य आणि खास बूट सांगतात. तो हे सगळं खरंच पाळतो का, हे मोजायला मेहकरचा एक दवाखाना मला गावोगाव पाठवतो. आठ प्रश्न, प्रत्येकाला दोन गुण. विचारलं की जो तो म्हणतो, "हाव बाई, सगळं टाइमशीर." मग मी गोळ्यांची रिकामी पाकिटं मोजते, बुटाचा तळ उलटा करून बघते, शेजारणीला गाठते. दुसरबीडचे एक रिटायर्ड मास्तर तर रोजची गोळी तुळशीच्या मातीत पुरायचे. मी उकरून काढल्या, अठ्ठावीस निघाल्या! मास्तर म्हणे, "रेणुकाबाई, तुम्ही पोलिसात काऊन नाही गेल्या?"

त्यामुळे जानेफळच्या पुष्पाबाईंना पहिल्या भेटीत सोळापैकी सोळा मिळाले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. इतकं गुणी माणूस मी तरी पाहिलं नव्हतं.

पुष्पाबाई गावात पिठाची गिरणी चालवायच्या. साठीच्या, उंचीने ठेंगण्या, आवाज मात्र असा की चार घरं पलीकडची म्हैस मान वर करील. जन्म गेला घरघरीत, हळू बोलायची सवय कुठून असणार? नवरा अकरा वर्षांपूर्वी गेला. लोक म्हणाले, गिरणी विका. त्यांनी विकली नाही. बोथट झालेल्या दगडाला टाकी लावायलासुद्धा स्वतः शिकल्या. धारेखाली हात धरून पीठ गरम लागतंय का ते बघायच्या आणि त्यावरून दगड घट्ट की सैल ते ठरवायच्या. गिरणीवाल्यावर गावाचा संशय असतोच, पीठ मारतो म्हणून. पुष्पाबाई दळण आधी तोलायच्या, नंतर तोलायच्या, आणि गिऱ्हाईक नको म्हणत असलं तरी काटा दाखवायच्या. त्यांच्या गिरणीत मूठभर पिठाचं भांडण कधी झालं नाही, हे मला तीन शेजारणींनी सांगितलं. मी तिघींनाही विचारलं होतं, अर्थातच.

जखम उजव्या पायाला होती, अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याकडून. पहिल्यांदा मोजली तेव्हा दीड सेंटिमीटर. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "जखमेवर भार पडता कामा नये. पडत राहिला आणि जखम हाडापर्यंत गेली, तर अंगठा काढावा लागेल. आणि तिथेच थांबेल याची हमी नाही." त्यासाठी बूट दिला होता, मागे टाचेला जाड आणि पुढे अधांतरी. पुष्पाबाई मला म्हणाल्या होत्या, "अंगठा गेला तं मी उभी कशी राहू, पोरी? गिरनी काही बसून चालत नाही."

गिरणी चालू असली की बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून मी दुपारची वीज गेली की त्यांच्या घरी जायची. गिरणी घराला लागूनच. पुष्पाबाई ओसरीवर पाय उशीवर ठेवून बसलेल्या. पाकिटं बरोबर. साखर ताब्यात. पट्टी दिवसाआड, सून वंदना हात धुऊन बदलायची. "घराबाहेर पडताना बूट घालता?" "हाव. त्याच्याबिगर पाऊल नाही टाकलं." दोन गुण.

आणि जखम? दोन सेंटिमीटर. पुढच्या महिन्यात अडीच.

आता सांगा, कोणाला संशय येणार नाही? आधी मी वंदनाला धरलं. सासू गेली तर गिरणी हिची, असलंही काहीबाही माझ्या डोक्यात येऊन गेलं. आज लाज वाटते, पण आलं होतं. तिला म्हटलं, "हळद भरतेस का जखमेत? कोणाचा झाडपाला?" ती बिचारी रडायला लागली. मग मी स्वयंपाकघरातले डबे उघडले. गूळ होता, पण नातवाचा. रस्त्यावरच्या किराणावाल्याला विचारलं, तो म्हणाला, "बाई बुटातच असते नं. टकटक ऐकू येते लांबून." मी बूट उलटा केला. दोन महिने झाले तरी तळ जवळजवळ कोरा!

"मावशी," मी म्हटलं, "हा बूट तुम्ही वापरत नाही. मला येड्यात काढू नका."

पुष्पाबाईंचा चेहरा उतरला. नेहमीचा आवाज खाली आला. "चाळीस साल लोकायचं दळन दळलं. कोनं मले खोटारडी नाही म्हनलं आजलोक. तू पयली."

मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण मनात म्हटलं, असंच बोलतात सगळे. पुढच्या वेळी न सांगता जायचं आणि हिला रंगेहाथ पकडायचं.

उन्हाळी कामांचे दिवस होते. शेवया, कुरड्या, पापड. मी सकाळी नऊलाच जानेफळला उतरले आणि थेट गिरणीवर गेले. आत बायांची गर्दी, डब्यांची रांग, पांढरा धुराळा. मी दारात चपला काढल्या आणि आत शिरले.

पुष्पाबाई यंत्रापुढे उभ्या होत्या. उजव्या पायाच्या पट्टीवर दुधाची पिशवी बांधलेली, पीठ जाऊ नये म्हणून. डाव्या पायात काहीच नाही. गव्हाचा डबा उचलला, आणि ठेंगणी बाई ती, वरच्या पेटीपर्यंत हात पोचेना, म्हणून दोन्ही पायांच्या चवड्यांवर चढली. पंधरा किलो गहू आणि बाईचं सगळं वजन त्या अंगठ्याच्या मुळावर. डबा रिकामा होईपर्यंत तशीच उभी. मग दुसरा डबा.

"मावशी!" मी ओरडले. घरघरीत कोणाला ऐकू येईना. मी जाऊन बटन बंद केलं. सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. "बूट कुठाय? सोळापैकी सोळा घेता माझ्याकडून आणि इथे अशा उभ्या? लाज वाटत नाही खोटं बोलायला?"

पुष्पाबाईंनी दाराकडे बोट केलं. उंबऱ्याबाहेर, गिऱ्हाइकांच्या चपलांपासून वेगळा, स्वच्छ पोत्यावर बूट ठेवलेला होता. वरून फडकं झाकलेलं.

"घरून इथवर घालून येतो, इथून घरी घालून जातो," त्या म्हणाल्या. "तू इचारलं, घराबाहेर पडतानी घालता का. घालतोच. पन गिरनीत कोन पायतान घालते, बाई? इथं सारा दाना सांडेल असते. लक्षुमीवर पाय देऊ काय?"

एक बाई म्हणाली, "हाव तं. गिरनीत बूट घालून उभी राह्यली तं कोन दळन देईन?"

मी खाली पाहिलं. माझ्या अनवाणी पायांना गव्हाचे दाणे टोचत होते. चपला काढायला मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात लक्ष्मी पुजत नाहीत, पण धान्यावर चप्पल घेऊन आमची मायही जाऊ देत नव्हती.

आणि त्याहून वाईट गोष्ट मला तिथेच आठवली. मूळ कागदात प्रश्न होता, "प्रत्येक वेळी उभं राहताना व चालताना बूट घालता का?" ट्रेनिंगमध्ये मीच उठून शहाणपण केलं होतं. म्हटलं, सर, आमच्याकडे घरात कोणी पायताण घालत नाही, लोक हसतील, त्यापेक्षा 'घराबाहेर पडताना' लिहा. सरांनी मान डोलावली होती, तुम्हाला गाव माहीत आहे म्हणून. दोन महिने मी डबे उघडले, सुनेला रडवलं, किराणावाल्याची साक्ष काढली. स्वतःच्या प्रश्नावर संशय घ्यायचं एकदाही सुचलं नाही.

त्याच दिवशी मी त्यांना मेहकरला नेलं. पायाचा एक्स-रे काढला. जखम हाडाला भिडली होती. चौथ्या दिवशी अंगठा काढला.

ऑपरेशननंतर डॉक्टर वॉर्डात आले. माझ्या हातातला कागद ओढून घेत म्हणाले, "प्रत्येक भेटीत सोळापैकी सोळा, आणि बाई रोज आठ तास उघड्या पायावर? काय मोजत होता तुम्ही? बूट फक्त रस्त्यावर घालायचा, असं सांगितलं होतं का यांना?"

नेमणूक अकरा महिन्यांची, संपायला एक महिना राहिलेला. सांगायचं होतं. प्रश्न मीच बदलला होता, हे खरंच सांगायचं होतं.

"तिले काऊन बोलता, सायेब?" कॉटवरून पुष्पाबाईंचा तो चार घरं पलीकडे जाणारा आवाज आला. सगळा वॉर्ड वळला. "तिनं दर खेपेला सांगतलं, मावशी, गिरनीतही बूट घाला म्हनून. मीच नाही ऐकलं. आन तिच्याजोळ खोटं बोलली मी."

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं, 'रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत'.

पुष्पाबाई माझ्याकडे बघत होत्या. दोन महिने मी जिचं खोटं शोधत होते, ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली होती, माझ्यासाठी. आणि मी गप्प बसले. तो कागद अजून तसाच फायलीत आहे.