पाच लिटर दूध आणि साडूभाऊ

मी कुणावर जळत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमचे साडूभाऊ हे वाचणार आहेत.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, थोरल्या बहिणीचे यजमान विलासराव. पेशानं मास्तर. माझी वांकिडीहून आदिलाबादच्या कचेरीत बदली झाली, तेव्हा ते आदिलाबादेत आधीच जाऊन बसले होते. (मी कुठंही जावं, साडूभाऊ तिथं आधी बसलेले असतात. माझ्या लग्नाच्या मांडवातसुद्धा मोठे जावई म्हणून तेच पुढच्या खुर्चीत होते!) त्यांना फाडफाड तेलुगू येतं. भाजीवाली त्यांना कोथिंबीर वरून देते. मला विकत देतानाही तिच्या जिवावर येतं.

त्यात सुनंदाचं एकच पालुपद. "भाऊजीच्या घरी दूध कसं पूर्वेकडं उतू गेलतं! तवापासून पाहा, सारं चांगलंच होऊन राह्यलं त्यायचं."

तिकडची रीत अशी की नव्या घरात, मग ते भाड्याचं का असेना, सामान नेण्याआधी दूध तापवायचं आणि मुद्दाम उतू घालवायचं, शक्यतो पूर्वेकडं. दूध वर आलं की भाग्य वर आलं. आमच्या घरमालकीणबाई, त्यांना सगळे अम्मा म्हणतात, या बाबतीत फार कडक. चावी कमरेला खोचून त्यांनी बजावलं, "पहले दूध, बाद में सामान. नहीं पोंगा, तो घर भी नहीं!" (पोंगणं म्हणजे उतू जाणं.)

रोज नळाला पाणी येणारं तेवढं एकच घर मला मिळालं होतं. त्याच्या भिंतीला लागून साडूभाऊंचं घर होतं, पण पाण्यासाठी माणूस काय काय सोसतो!

साडूभाऊंनी एक लिटर दूध उतू घालवलं होतं ना? मी पाच लिटर आणलं. म्हशीचं!

रविवारी सकाळी सामानानं भरलेला मेटाडोर दारात उभा राहिला. आत ओट्यावर शेगडी, तिच्यावर भलंमोठं पातेलं, भोवती हात जोडून अम्मा, शेजारणी, सुनंदा, तिची बहीण आणि अर्थातच साडूभाऊ. दूध काही तापेना. पाच लिटर ते, आळसावून पडलं होतं. पाहुण्यांना चहा करावा तर सगळं दूध पातेल्यात!

"एवढं कायले आणलं बाप्पा?" साडूभाऊ घड्याळ पाहत म्हणाले. "आमचं तर चुटकीसरशी उतू गेलतं."

मी हसलो. (आतून नाही.)

अखेर साय हलली, बुडबुडे आले, दूध चढू लागलं. काठाला आलं. अम्मांनी डोळे मिटले. तेवढ्यात माझी माय आत आली.

माय इतका वेळ बाहेर बाजेवर बसली होती. या रीतीबद्दल तिला सांगायचं काम मी सुनंदावर सोडलं होतं आणि सुनंदानं माझ्यावर. जन्मभर म्हशी राखलेली बाई ती. दुधाचा थेंब सांडला तर तिला जेवण गोड लागत नाही. पाणी प्यायला म्हणून आली आणि पाहते तर काय, इतकी धडधाकट माणसं हात जोडून उभी आणि दूध चाललंय उतू!

"काऊन पाहून राह्यले रे सारे? हात मोडले का तुमचे?"

एका झेपेत मायनं शेगडी बंद केली, पदरानं पातेलं धरून खाली उतरवलं, वरून फुंकरही मारली. दूध बिचारं मुकाट खाली बसलं.

"वाचलं बाप्पा!" माय आमच्याकडं कौतुकाच्या अपेक्षेनं पाहू लागली.

अम्मांनी चावी कमरेत आणखी खोल खोचली. "ये घर नहीं देती मैं." बाहेर मेटाडोरवाला भोंगा वाजवू लागला. साडूभाऊंच्या मिशीखाली हसू होतं. मी ते पाहिलं. ते नव्हतंच असं सुनंदा म्हणते, पण मी पाहिलं!

मग त्याच साडूभाऊंनी अम्मांना तेलुगूत काय काय सांगितलं, आणि अम्मा चक्क लाजल्या. एक संधी मिळाली. पातेलं पुन्हा चढवलं, शेगडी मोठी केली आणि फुस्स! गॅस संपला. गावाकडचं सिलेंडर होतं ते. शेजारून मागू म्हणाली होती सुनंदा, मीच म्हणालो होतो, "त्यायच्या घरचं काहीच नको."

साडूभाऊ गेले आणि स्वतःचं सिलेंडर खांद्यावर घेऊन आले. "भाऊजी, जपून! कंबर सांभाळा!" सुनंदा कळवळली. (सकाळी मी एकट्यानं शिलाई मशीन उचललं तेव्हा म्हणाली होती, "मशीनले जपा.")

या खेपेला मायचे दोन्ही हात मेहुणीनं धरून ठेवले. दूध चढलं आणि धो धो उतू गेलं! मी टाळी वाजवणार तोच लक्षात आलं की ओट्याला उतार आहे. माझं पाच लिटर दूध पूर्व सोडून पश्चिमेला, साडूभाऊंच्या भिंतीकडं निघालं होतं. तिथंच उभ्या असलेल्या साडूभाऊंच्या पायांवरून ते वाहिलं, आणि चटका बसूनही तो माणूस हसत होता!

अम्मांनी चावी दिली, पण जाता जाता म्हणाल्या, "दूध इनका, नसीब उनका."

वर्ष उलटायच्या आत साडूभाऊ हेडमास्तर झाले. बदली निर्मलला, आणि तिथं स्वतःचं घर! गृहप्रवेशाचं आग्रहाचं बोलावणं आलं. सुनंदा म्हणाली, "तुमी नसन येत तर राहू द्या." पण मी निघालो. मायलाही बरोबर घेतलं. तिचे गुडघे दुखत असतानाही तिला मुद्दाम नेलं आणि शेगडीला अगदी खेटून उभी केली. पुढचं तिच्यावर सोपवून मी भक्तिभावानं हात जोडले.

दूध चढलं. मी मायकडं पाहिलं. माय हात जोडून उभी. दूध काठाला आलं. "माय," मी हळूच म्हणालो, "उतू चाललं ना!"

"जाऊ दे ना बाबू, शुभ असते. तुह्याच घरी तर शिकली मी."

त्यानंतर काय झालं ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की दूध मुकाट खाली बसलं होतं, सगळे माझ्याकडं पाहत होते आणि माझा हात शेगडीच्या बटणावर होता.

माय मदतीला धावली. "हाताची सवय असते हो त्याले! माह्याच पोटचा हाय."

साडूभाऊंनी मान डोलावली. सुनंदानं मात्र डोलावली नाही. लग्नापासून आजवर मी घरात चहासुद्धा ठेवलेला नाही, हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.