गाणारी कुठे बसली आहे?

दुकानात सगळे त्याला कानसेन म्हणत. काम मात्र डोळ्यांचं होतं. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवायचं, त्याच्या नाकावर ती जड गोल चौकट चढवायची आणि एकामागून एक भिंगं घालत विचारायचं, "हे बरं की मघाचं बरं?" गिऱ्हाईक म्हणेल ते प्रमाण. कुणी म्हणालं, मघाचं बरं, तर हा निमूटपणे मघाचं भिंग परत घालायचा. "डोळे त्यांचे, नाक त्यांचं, आपण मध्ये बोलणारे कोण?" असं तो सगळ्यांना सांगायचा. वाद घालणारं गिऱ्हाईकसुद्धा त्याच्यापुढे मऊ व्हायचं.

असा हा समजूतदार माणूस शटर ओढून आपल्या गाडीत बसला की पार बदलून जायचा. तिथे कुणालाही काही विचारायची सोय नव्हती. म्हणजे विचारायचा तो, पण उत्तर आधीच ठरलेलं असायचं.

गाडी जुनी, दुसऱ्या हाताची. रंगाची कळा गेलेली, पण आतला आवाज ऐकून माणूस खुर्चीवरून उठला पाहिजे, हा त्याचा ध्यास. सगळी कामं त्याने इमारतीखालच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या हाताने केली. आधी दारांतले स्पीकर बदलले. एका रविवारी एक दार झालं, तेवढ्यात पाहुणे टपकले, म्हणून दुसरं दार पुढच्या रविवारी. मग सीटखाली ॲम्प्लिफायर आला. तो आला आणि गाण्यात डास शिरला. ॲक्सिलरेटर दाबला की डासही वरच्या पट्टीत जायचा. कानसेनने सीटच्या बोल्टाखालचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर अर्थिंगची वायर घट्ट आवळली, तेव्हा कुठे डास मेला. हा पराक्रम त्याने दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवला. काहींना तर दोन्ही डोळे तपासताना दोनदा. पुढे दारांचा पत्रा खडखडू नये म्हणून आतून काळे जाड पट्टे चिकटवले. ते गरम करायला बायकोचा हेअर ड्रायर खाली नेला. तो जो गेला, तो केसांच्या कामाला परत काही आला नाही. शेवटी डिकीत बेसचा खोका बसला आणि भाजीच्या पिशव्यांना मागच्या सीटवर बढती मिळाली.

एवढं करूनही दारांचा खालचा आवाज काही भरेना. ठेका पातळ, पाणचट. कानसेन बटणं फिरवून फिरवून दमला. आणि गाणाऱ्याचा आवाज एका जागी थांबत नसे. गाडीभर पसरायचा, सगळीकडून यायचा आणि कुठूनच यायचा नाही. यावर त्याने एक सोपा उपाय काढला. हा दोष नाही, गुण आहे, असं ठरवून टाकलं. "मोठ्या सभागृहात बसल्यासारखं वाटतं की नाही?" तो विचारायचा. ज्यांना घरी सोडून मिळणार असायचं, ते हो म्हणायचे.

हो म्हणाले नाहीत ते फक्त अण्णा.

अण्णा म्हणजे त्याचे सासरे. पोस्टात पत्रं वेगळी करण्यात जन्म गेला. सासूबाई गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. अण्णा तर त्या ग्रहाच्या घरीच बिऱ्हाडाला आलेले, त्यामुळे जपून असायचे. येताना सोबत दोन पिशव्या कपडे आणि एक लाल रेडिओ. दुपारी तो खिडकीत ठेवून, खुर्ची अगदी समोर ओढून, कुणाशी गप्पा माराव्यात तसे त्याच्यासमोर बसायचे.

पहिल्यांदा गाडीत बसवलं तेव्हा कानसेनने आपलं ठेवणीतलं गाणं लावलं. संथ चाल, एकट्या बाईचा आवाज. मागे दुकानातला फ्रेम बसवणारा मित्र होता.

"कसं वाटतंय अण्णा?"

"छान आहे हो," अण्णा म्हणाले. मग थोडं थांबून, "पण ही गाणारी कुठे बसली आहे?"

"म्हणजे?"

"आवाज येतोय. पण ती सापडत नाही मला. रेडिओवर कशी समोर बसून गाते. इथे कुठे बघून ऐकायचं?"

"टपावर बसली असेल अण्णा, वाऱ्याला!" मागून मित्र म्हणाला आणि खो खो हसला. कानसेनही हसला, पण त्याला मिरची झोंबली होती. कुणाला हौसेने आपलं बाळ दाखवावं आणि त्याने नाक नकटं आहे म्हणावं, तसं झालं.

नंतर तो दर फेरीला विचारायचा आणि अण्णा बिचारे खरं सांगायचे. ठेका भरायला बटण फिरवलं, तरी गाणारी सापडत नाही. स्पीकरचा कोन बदलला, तरी सापडत नाही. मग एका सकाळी चहा घेताना कानसेन बायकोला म्हणाला, "तुझ्या वडिलांना ऐकू कमी यायला लागलंय. लक्षात आलंय का तुझ्या?"

तिच्या लक्षात आलं नव्हतं, पण आता येऊ लागलं. अण्णा एखाद्या हाकेला ओ द्यायला चुकले की दोघं एकमेकांकडे बघायचे. पूर्वी कुणी बघत नव्हतं, कारण पेपर वाचणारा कुठला माणूस पहिल्या हाकेला ओ देतो? कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "वयाच्या मानाने चांगलं आहे. वरचे सूर थोडे कमी, एवढंच." कानसेनने त्यातलं 'थोडे कमी' तेवढं उचललं. बुडत्याला काडीचा आधार! यंत्र लावलंच पाहिजे असं नाही, असंही डॉक्टर म्हणाले होते. ते ऐकू आलं नाही, आणि या वेळी कान अण्णांचे नव्हते.

यंत्र आलं. नातेवाइकांना फोन गेले. "अण्णांना जरा मोठ्याने बोलत जा हं." अण्णांनी आधी थोडा हट्ट केला, मग सोडून दिला. फोन वाजला की लेकीला म्हणायचे, "तूच बोल, माझ्या काही ध्यानात यायचं नाही." खालच्या बाकावर म्हाताऱ्यांचा अड्डा जमायचा, तिथे जाणं बंद झालं, चुकीचं ऐकून भलतंच उत्तर दिलं तर हसं व्हायचं. लाल रेडिओ वॉचमनला देऊन टाकला. "मला काय कळतंय आता त्यातलं," म्हणाले. गाडीत गाणं लागलं आणि कानसेनने विचारलं की उत्तर यायचं, "छान आहे." कानसेन खूश व्हायचा. यंत्राचा गुण आला, असं त्याला मनापासून वाटायचं. हे लिहितानाही लाज वाटते, पण खरंच वाटायचं.

दीडेक वर्ष असं गेलं. मग एका रविवारी सकाळी अण्णांच्या बाजूच्या दाराची काच खाली अडकून बसली. कानसेनने दाराचं आतलं आवरण काढलं. काच सुटली, आणि स्पीकरला आलेली वायर हातात आली. दोन पदरी वायर, एका पदरावर पांढरी रेघ. रेघ काळ्या खुणेला जोडलेली होती.

पण दुसऱ्या दारात आपण रेघ लाल खुणेला जोडली होती, हे त्याला लख्ख आठवत होतं. पहिल्या रविवारी रेघ म्हणजे प्लस धरलं. मध्ये पाहुणे आले, जेवले, गेले. पुढच्या रविवारी रेघ म्हणजे मायनस.

तरी खात्री म्हणून तो वर जाऊन भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून घेऊन आला. दुसऱ्या दाराची जाळी काढली, सीटखालची टोकं सोडवली आणि एकेका जोडीला सारख्याच पद्धतीने सेल टेकवला. एका दाराचा पडदा टक् करून बाहेर आला. दुसऱ्याचा टक् करून आत गेला. एक ये म्हणतोय, दुसरा जा म्हणतोय. दोघं मिळून एकमेकांचा आवाज खात होते. म्हणून ठेका पाणचट, म्हणून गाणारी बेपत्ता.

त्याने वायर सुलटी केली आणि तेच गाणं लावलं. ती बाई डॅशबोर्डच्या बरोबर मध्यावर येऊन बसली. ठेका भरला. इतक्या रविवारांत जे जमलं नव्हतं ते झालं होतं, आणि कानसेनच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. त्याला आनंद झाला नाही. म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी, पहिल्याच गाण्याला, साध्या शब्दांत बिघाड सांगितला होता. दुकानातल्या खुर्चीवर बसून कुणी असं सांगितलं असतं, तर त्याने तत्क्षणी भिंग बदललं असतं. गिऱ्हाइकावर विश्वास होता. घरच्या माणसावर नव्हता.

आता शहाण्या माणसाने सरळ वर जाऊन सांगितलं असतं. कानसेनने आवरण बसवलं, सेल घड्याळात परत घातला, आणि बायकोने "झालं का काम?" विचारल्यावर म्हणाला, "हो. जरा सेटिंगही बदललंय."

त्याच आठवड्यात अण्णांना यंत्र दाखवायला न्यायचं होतं. अण्णा पुढे, लेक मागे. गाणं लावावं की न लावावं, असा विचार करत कानसेनने ते लावलं.

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. दुसऱ्या ओळीला त्यांनी मान वळवली आणि डॅशबोर्डच्या मध्यावर नजर ठेवली. बराच वेळ.

"आली," ते हळूच म्हणाले. "समोर बसली आहे."

मग जावयाकडे वळले. डोळ्यांत पाणी होतं. "जावईबापू, तुमचे उपकार झाले हो. तुम्ही मागे लागलात म्हणून कान दाखवले. मी वेड्यासारखा हट्ट करत होतो."

"बघा, यंत्राचा गुण!" मागून लेक म्हणाली, नेहमीसारखं मोठ्याने.

"अगं, यंत्र खिशातच आहे माझ्या," अण्णा म्हणाले. "कानच सुधारले वाटतं."

धरणी दुभंगेल तर बरं, असं कानसेनला झालं. ती दुभंगत नाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात. त्याने गाडी कडेला घेतली आणि गाणं बंद केलं.

"अण्णा, कान नाही सुधारले. ते बिघडलेच नव्हते. तुमच्या दाराची वायर मी उलटी जोडली होती. परवा काच काढताना दिसलं."

"म्हणजे पहिल्या दिवशी..."

"तुम्ही बरोबर होता."

"आणि नंतर?"

"नंतरही. मी तुमचं ऐकलंच नाही. वर तुम्हालाच ऐकू येत नाही म्हणालो, सगळ्यांना सांगत सुटलो."

अण्णांनी खिशातून यंत्राची डबी काढली, उघडली, परत मिटली. "चुकतो माणूस," ते म्हणाले. "वायरच ती." त्यांनी रागवायला हवं होतं. रागावले असते तर कानसेनला मान वर करता आली असती.

मागून बायको म्हणाली, आणि या खेपेला अगदी हळू, "अहो, मी त्यांच्याशी ओरडून बोलत होते. इतके दिवस."

कानसेनने गाडी तशीच घरी वळवली.

दुसऱ्या दिवशी कानसेन नवा रेडिओ घेऊन वॉचमनकडे गेला आणि जुना लाल परत मागितला. वॉचमनला गंमत वाटली. "काका तर म्हणाले होते, कान गेले, आता उपयोग नाही."

"कान चांगले आहेत त्यांचे," कानसेन म्हणाला. "चूक माझी होती." वॉचमनने पुढे काही विचारलं नाही, पण जिना चढताना ती नजर पाठीवर आहे असं त्याला वाटत राहिलं.

त्याने रेडिओ खिडकीत पूर्वीच्या जागी ठेवला, पुसला, खुर्ची समोर ओढून दिली. अण्णा बसले. त्यांनी बटण फिरवलं. थोडी खरखर झाली, मग एक बाई गाऊ लागली, मोकळ्या, खणखणीत आवाजात. खोलीच्या दुसऱ्या टोकालाही शब्द न् शब्द कळत होता.

"येतंय ना नीट?" कानसेनने विचारलं.

बटणावरचा हात तसाच ठेवून अण्णांनी मान वर केली आणि आधी जावयाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

दुकानात असं गिऱ्हाईक कधीमधी येतं. अक्षरं समोर स्वच्छ दिसत असतात, तरी फळ्याकडे न बघता तपासणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतं.

"येतंय ना हो?" अण्णांनी त्यालाच विचारलं.