भेवाचं पाणी

माझ्या आत्याची मुलगी आमच्याकडे आली तेव्हा सहा वर्षांची होती आणि एक अक्षर बोलत नव्हती. सन साठच्या आधीची एक-दोन वर्षं असतील. तिचा बाप राजूरला कोळशाच्या खाणीत कामाला होता. तिथल्या त्यांच्या खोलीत आत्या जळून मेली. चुलीवर पदर पेटला, असं साऱ्या वस्तीनं धरलं होतं. पोर त्या वेळी घरातच होती, आणि तेव्हापासून तिची वाचा गेली, एवढं सांगून बापानं तिला फुलसावंगीला आमच्या ओसरीवर आणून सोडलं. मुकी पोर घरात ठेवून काय करू, म्हणाला; बोलायला लागली की कळवा, घेऊन जातो. त्याचं दुसरं लग्न ठरलं होतं आणि नव्या बायकोच्या हाताखाली कोणीतरी लागणारच होतं.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं माझे वडील म्हणाले, तेही तिच्यासमोर. वडील शाळामास्तर होते. वाचा गेली म्हणजे कानही गेले, असं आमच्या घरात सगळेच समजत. मी तर तिला तोंडावर मुकी म्हणायचे. खोटं कशाला सांगू, मला ती आवडत नव्हती. मी बारा वर्षांची, एकुलती एक, आणि ही आल्यापासून आईच्या कुशीत ही.

चूल पेटली की पोर पडवीत साठवलेल्या कापसात घुसायची, नाक तेवढं बाहेर. आई तिला ओढून काढायची नाही. चूल विझली की भाकर घेऊन तिच्याजवळ बसायची, आणि मग दोघी मिळून कापसातला काडीकचरा वेचत राहायच्या. बोलणं काही नाही. महिनाभरात पोर आपण होऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली. पण वेचणं म्हणजे काही औषध नव्हे, असं वडिलांचं मत पडलं.

आमच्या शेजारची एक म्हातारी भेव काढायची. लेकरू भ्यालं की लोखंड लाल तापवायचं, पाण्यात विझवायचं आणि ते पाणी लेकराला पाजायचं. निम्मं गाव ते पाणी पिऊन मोठं झालं, मीही. कुत्रं अंगावर आलेल्या पोराला त्यानं बरं वाटतही असेल. पण आगीला भ्यालेल्या पोरीपुढे तापलेला विळा नाचवू नये, एवढं ना म्हातारीला सुचलं ना मास्तर असून वडिलांना. आईला सुचलं. ती एकदा बोललीही, तर वडिलांनी तिलाच गप्प केलं. पाच शनिवार करायचे ठरले. पोरीला धरून ठेवायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते मन लावून केलं. तिचे हात मागे, माझा गुडघा तिच्या पाठीत. म्हातारीनं माझं कौतुक केलं.

तिसऱ्या शनिवारी विळा पाण्यात गेला, चर्र झालं, आणि पोर बोलली.

"बाबा, मायले नोको पेटवू."

शब्द अगदी स्वच्छ होते. आम्ही सगळ्यांनी ऐकले. म्हातारी म्हणाली, पाहा, बोलली पोरगी. आणि वडिलांनी तेवढंच उचललं. ऐकलं ना तुम्ही, असं आईनं त्यांना दोनदा विचारलं. भेदरलेलं लेकरू काहीबाही बरळतं, ते म्हणाले, बहीण तर गेली, आता चार लोकांत शोभा कायले. मग शेजारीपाजारी गूळ वाटला गेला आणि दुसऱ्या दिवशी राजूरला कार्ड पडलं.

त्यानंतर ती पुन्हा मिटली. फक्त माझ्याशी बोलायची, तेही कापसाआड, कुजबुजत. जिनं पाठीत गुडघा दिला तिच्याशीच का, ते मला आजही सांगता येणार नाही. घरात लहान मीच होते, म्हणून असेल. एकदा तिनं विचारलं, "मी बोललो तं मले नेतीन काय?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "मंग नोको सांगू कोणाले."

आठवड्यानं बाप आला, नवा फ्रॉक घेऊन. चहा झाला. त्यानं तिला हाक मारली, ती गप्प. वडिलांनी आधी गोडीत विचारलं, मग दटावलं. ती गप्पच. म्हातारीला बोलावून आणलं, तरी तेच. बाप चिडला, कामावर खाडा पाडून आलो, खोटं कार्ड काहून टाकलं, म्हणाला. वडिलांना तोंड लपवायला जागा उरली नाही. बाप उठला आणि पायात वहाणा सरकवू लागला. आई कपबशा उचलत होती, आणि कित्येक दिवसांत दिसलं नव्हतं इतकं तिचं तोंड सैल झालं होतं. आणखी पाच मिनिटं गेली असती तर तो मोटारीच्या वाटेला लागला असता.

मी म्हणाले, "बोलते ना. माह्यासंगं रोज बोलते."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे. "येतो बाबा," म्हणाली आणि कपडे आणायला आत गेली. आईनं निघताना तिच्या हातावर दही ठेवलं. ते तिनं खाल्लं नाही, तसंच मुठीत धरून गेली. त्यानंतर ती आमच्याकडे कधी आली नाही.

वडिलांची लाज राखायला बोलले, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आले. ते खरं नाही. मला माझी आई परत हवी होती. बारा वर्षांच्या पोरीला काय कळतं, असं म्हणून लोक माझी समजूत घालतात. तिच्या बापानं काय केलं होतं, ते मी तिच्याच तोंडून ऐकलं होतं. मला सगळं कळत होतं.