भावाच्या गिटारचा ब्रिज

धाकटा भाऊ गेला त्याला वर्ष होत आलं, तेव्हा पत्र्याच्या खोलीतल्या कपाटावरून मी त्याची गिटार खाली काढली. तारा ताणलेल्याच राहिल्या होत्या. त्या ज्या लाकडी पट्टीत अडकवतात, जिला तो ब्रिज म्हणायचा, ती उन्हाळ्याच्या तापानं मागच्या बाजूनं उचलली गेली होती. फटीत पोस्टकार्ड सहज शिरलं असतं.

आमचे बाबा सुलतानपुरात दारं-खिडक्या करतात. भावानं पहिल्या पगारातून गिटार आणली तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "रंधा धराच्या वयात हे खोकं काय घेऊन बसला बे?" त्यानंतर त्यानं त्यांच्यासमोर ती कधी वाजवली नाही.

मी बुलढाण्याहून सुट्टीत आले होते. गिटार त्यांच्यापुढे ठेवली. "जमेल का, बाबा?"

त्यांनी त्या फटीवरून अंगठा फिरवला. "आपलं काम नोहे हे," म्हणाले आणि उठून गेले. पण दुसऱ्या दिवशी दुसरबीडला जाऊन त्यांनी वेल्डिंगवाल्याकडून लाकूड आवळून धरायच्या दोन शिकंज्यांची तोंडं लांब करून आणली, गिटारच्या भोकातून आत पोचतील एवढी.

तारा मी सोडल्या. बाबांनी ब्रिजवर ओलं फडकं घालून त्यावर इस्त्री टेकवली. मग पातळ घासलेली पत्ती फटीत सरकवली. मी मदतीला हात घातला तर म्हणाले, "जोर नको करू. लाकूड सोडीन तवाच घ्याचं." पाऊण तासानं ब्रिज अलगद हातात आला.

खाली काचेसारखा कडक थर होता. बाबांनी नखानं तो खरवडून पाहिला.

"हा कारखान्यातला गोंद नोहे. दुकानात भेटते तो झटपट चिकटणारा. हे पहिलेही एकदा निघालं होतं." मग हळूच म्हणाले, "त्यानंच चिकटवलं. मले काऊन नाही सांगतलं? घरात सुतार असून?"

मला सांगावंच लागलं. तेव्हा त्यानं मला फोन केला होता. बाबांना विचारू का, म्हणाला होता. मीच म्हटलं होतं, राहू दे, उगाच चिडतील.

बाबा मान खाली घालून तो थर खरवडत राहिले. जेवायला आईनं दोनदा हाक मारली, तरी उठले नाहीत. लाकूड स्वच्छ दिसू लागल्यावर त्यांनी सरस लावला, ब्रिज जागेवर बसवला, शिकंजे आवळले आणि कडेला आलेला सरस ओल्या फडक्यानं पुसून घेतला.

दोन दिवसांनी शिकंजे काढले. मी तारा चढवल्या. भावानं शिकवलेले दोन-तीन सूर मला येतात, तेवढे वाजवले. ब्रिज हलला नाही. बाबा ओट्यावर बसून ऐकत होते.

"तो काय वाजवे?" त्यांनी विचारलं.

मी एक-दोन गाणी सांगितली. त्यातलं एक बाबांच्या ओळखीचं निघालं. ते त्यांनी बेसूर, अर्धंच म्हटलं, आणि पुढचे शब्द आठवेनात म्हणून थांबले. मलाही ते आठवत नव्हते.