आखाजीला लागलेलं ग्रहण

माझ्या नातीचं नाव गुलाब. जन्मली तेव्हा तिचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला होता. बाळंतपण माझ्याकडे, एरंडोलला झालं. सुईण तिला धडप्यात गुंडाळून बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरगी शे, पन..." तो 'पन' त्या पोरीच्या पाठीला असा चिकटला की आजवर सुटला नाही.

तिचा बाप आधार, धरणगावाकडचा कापूस लावणारा माणूस. बोलणं कमी, रुसणं जास्त. पण त्याने लेकीला हातात घेतलं, तिच्याकडे निवांत पाहिलं आणि म्हणाला, "हिचं नाव गुलाब." त्या एका शब्दापायी मी जावयाचे बाकीचे सगळे गुन्हे माफ केले. ते काही थोडे नव्हते.

ओठ पुढे धुळ्याला मोठ्या दवाखान्यात शिवून घेतला. पोर दूध प्यायला लागली, मग बोलायला लागली, मग इतकी बोलायला लागली की गप्प बस म्हणावं लागे. नाकपुडी जरा ओढलेली राहिली आणि नाकाखाली एक पांढरी रेघ. बस, एवढंच. डॉक्टर म्हणाले, "असं होतं कधीकधी. आईचा यात काही दोष नाही." पण आधारच्या गावाने डॉक्टरला विचारलं होतं कुठे? गावाकडे उत्तर तयार होतं.

गाव म्हणे, माझी लेक झुंबर पोटुशी असताना आखाजीला माहेरी गेली, ग्रहण लागलेलं असताना तिने कैरी चिरली, आणि तीच चीर पोरीच्या ओठावर उतरली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खान्देशात सासुरवाशिणींची दिवाळी. माहेरी यायचं, लिंबाच्या झाडाला झोके बांधायचे, गाणी म्हणायची, आमरस खायचा. त्या आखाजीला झुंबर आली होती हे खरं. झोक्यावर मात्र मी तिला बसू दिलं नाही, म्हणून दिवसभर माझ्याशी बोलली नाही. आणि गावात बोभाटा, हिने कैरी चिरली!

बोभाट्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. लग्नकार्यात बायका भाजी चिरायला बसल्या की झुंबरच्या हातात विळी देत नसत. "तू लसूण सोल व माय." कोणाचं डोहाळजेवण असलं की तिला बोलावणंच नाही. लेकीच्या ओठाला टाके घातले ते दिसत होते. आईला घातलेले कोणाला दिसले?

गुलाब दहावी पास झाली. गावातली दहावी झालेली पहिली मुलगी. मी गल्लीत पेढे वाटले. जळगावला माझा भाचा रतिलाल होता, त्याने एका साडीच्या दुकानात शब्द टाकला. शेठ चांगला माणूस, चहा पाजला, हिशेब विचारला, अक्षर बघितलं. मग रतिलालला बाजूला घेऊन म्हणाला, "पोरगी हुशार आहे हो. पण गिऱ्हाईक साडी बघतं तसं दाखवणारीचं तोंडही बघतं. हिला मागे बसवतो, घड्या घालायला." मी तिथेच बाकावर बसले होते, ऐकू मला चांगलं येतं. साड्या घ्यायला आलेल्या बायांकडे पाहिलं. त्यातली एकही काही स्वर्गातून उतरलेली नव्हती. पण पैसे देणाऱ्या तोंडाला सगळं माफ असतं. खिडकी नसलेल्या खोलीत गुलाबने दिवाळीपर्यंत घड्या घातल्या. घरी आली ती पुन्हा गेली नाही.

स्थळंही आली. एक बिजवर आला, पन्नाशीचा. तोंडात तंबाखू, दात असून नसून सारखे. पोहे खाल्ले, वर आणखी मागून घेतले आणि म्हणाला, "बाकी ठीक आहे, मुलीचं तोंड जरा..." आधार कधी नाही तो बोलला, "पाव्हणं, आधी तुमचं पुसा."

मग एक्याण्णव साली झुंबरच्या गावात अंगणवाडी मंजूर झाली. सेविका गावातलीच हवी होती. अर्ज दोनच आले, गुलाबचा आणि सरपंच तोताराम नानांच्या पुतणीचा. पुतणी सातवीला बसली होती, पास झाली नव्हती. झुंबरचा निरोप आला, "माय, तू ये. पोरीने अन्नपाणी सोडल्यासारखं केलंय. हे काम मिळालं नाही तर ती घराबाहेर तोंड काढणार नाही म्हणते." मी पहिल्या गाडीने गेले. लेकीच्या गावात आईने तोंड उघडू नये, अशी आमची रीत. मी झुंबरला कबूल केलं, उघडणार नाही.

मारुतीच्या पारावर सभा भरली. तालुक्याहून अंगणवाड्यांच्या अधिकारी बाई आल्या होत्या, खांद्याला पर्स, गळ्यात चष्मा. त्यांनी अर्ज वाचले आणि म्हणाल्या, "दहावी आहे, मग प्रश्नच नाही. कुठे आहे मुलगी?" गुलाब उभी राहिली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि पटकन पुन्हा कागदात पाहिलं. शिकलेल्या माणसाची हीच खूण. आपला माणूस टक लावून बघतो, शिकलेला बघतच नाही.

तेवढ्यात नानांची बायको लिलाबाई उठली. "बाई, पोरगी वाईट नही. पन तठे पोटुशा बाया येतीन, खाऊ लेवाले. सकायना पहारे हाई तोंड देखतीन. मनी सूनले पाचवा महिना शे. सारा गावले माहीत शे, हिनी माय ग्रहणमा कैरी चिरीसन बसनी."

झुंबरने मान खाली घातली. वीस वर्षं खाली घालून तिची मान तशीच वळली होती. ते बघितलं आणि माझी रीतबीत त्या पारावरून खाली पडली.

"कोणतं ग्रहण, लिलाबाई?" मी विचारलं.

"आखाजीनं! तुमनाच घर तर व्हती ती."

"आखाजी कोणत्या तिथीला असते?"

"हाई काय विचारनं झालं? तीजले!"

"आणि ग्रहण?"

मागे भिंतीला टेकून म्हातारे वना आबा बसले होते, ते खो खो हसायला लागले. "अवसले, नही ते पुनीले! तीजले कोठून ग्रहण लागस वं? चांद काय लिलाबाईले विचारीसन निंघस?"

सगळा पार हसला. उपास करणाऱ्या बाया, तिथी पाहून पेरणी करणारे बापे, सगळ्यांना हे ठाऊक होतं, की ग्रहण अमावस्येला नाहीतर पौर्णिमेलाच लागतं. लहान पोराला ठाऊक असतं. पण वीस वर्षांत एकालाही दोन गोष्टी शेजारी ठेवून बघाव्या वाटल्या नाहीत. बाईवर आळ घालायचा म्हटला की पंचांग कोण उघडतं?

मला वाटलं, जिंकले. झुंबरने मान वर केली, तिचे डोळे भरलेले. पण तोताराम नाना हसले नाहीत. मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "अक्का, ग्रहण नसेल. पन तोंड तर शे ना?"

सांगा आता यावर काय बोलायचं! कारण गेलं, शिक्षा राहिली. ग्रहण सुटलं तरी दान मागणारे दारातून हलेनात.

मग नाना आणि बाईंमध्ये कुजबुज झाली आणि बाईंनी मधला मार्ग काढला. सेविका पुतणी, आणि गुलाब मदतनीस. खिचडी शिजवायची, भांडी घासायची. नाना मोठ्या मनाने म्हणाले, "चुलीकडे तोंड राहीन, कोनले तरास नही."

म्हणजे तिच्या हातचं त्यांची सून खाणार, पोटातलं बाळ खाणार, ते चालेल. बघणार मात्र नाही.

आता गुलाब बोलली, अगदी हळू. "नाना, मी पोरांना शिकवायला अर्ज केला. पोरगं बोलायला शिकतं ते समोरच्याचं तोंड बघून. मी तोंड चुलीकडे करणार नाही." आणि घरी निघून आली. त्या संध्याकाळी तिने दोन भाकरी खाल्ल्या. झुंबर रडत होती की हातचं काम गेलं. मी म्हटलं, "रड, पण आधी मला विळी दे. आज भाजी तू चिरायची, दारात बसून."

पुतणीने ते काम कसं केलं ते मी सांगत नाही, गावानेच सांगितलं. पोरं ओट्यावर धुळीत, आणि सेविका नानांच्या घरी. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, ती सावद्याला गेली. दुसरी कोणी मिळेना. तेव्हा तालुक्याच्या बाई आधारच्या दारात आल्या आणि या वेळी त्यांनी गुलाबच्या तोंडाकडे पाहून विचारलं, "येशील का?" गुलाब गेली. सेविका म्हणून. पोरं तिला बाई म्हणायला लागली.

लोक मला म्हणतात, बघा आजी, गाव सुधारलं. काय सुधारलं? दुसरी मिळाली असती तर घेतलं असतं का हिला? आणि ती कैरी अजून चिरतातच. आता म्हणतात, ग्रहण आखाजीला नव्हतं, आधीच्या अवसेला होतं, बोलण्यात चूक झाली. त्या अवसेला झुंबर माहेरी आलीच नव्हती, लिलाबाईच्याच शेजारी कापसाच्या पळाट्या बांधत होती. पण ते जाऊ द्या.

परवा मी झुंबरकडे गेले होते. लिलाबाईच्या ओट्यावर पोरं शाळा-शाळा खेळत होती. लिलाबाईची नात, तीच त्या पाचव्या महिन्यातली, ओठ अगदी धड, मधोमध छडी घेऊन उभी. नाकापासून ओठापर्यंत तिने कोळशाने सरळ रेघ ओढली होती. लिलाबाई आतून किंचाळत आली, "कार्टे, हाई काय करी ठेवं तोंडले?" आणि पदराने खसाखसा पुसायला लागली.

पोरगी भोकाड पसरून ओरडली, "पुसू नको! मी बाई शे! बाई अशीच र्‍हास!"

तिने पुसलं. पोरगी रडत रडत आत गेली आणि चुलीतला दुसरा कोळसा घेऊन आली.