मुरमाचे खड्डे

संशयी माणसं एका छताखाली बसली की किस्से आपोआप जमतात, मुद्दाम जमवावे लागत नाहीत. साकोलीत रस्तेकामाच्या ऑफिसात मी नकाशे गिरवणारा ट्रेसर होतो, त्या ऐंशी सालाच्या आसपासच्या दिवसांत तर फारच जमले. ठेकेदार म्हणाला 'थर पक्का', की आमचा माणूस आधी त्यात सळई खुपसून बघणार!

आमचा ओव्हरसिअर वसंता कापगते, मूळचा आसगावचा. कामात चोख, मनाने मऊ. पण वयात येताना आलेल्या मुरमांनी दोन्ही गालांवर खड्डे ठेवून दिले होते. मुली बघायला गेला की मुलीकडचे हळूच विचारायचे, "देवी आल्या होत्या का?" त्याला ते फार लागायचं. आपलं लग्न होणारच नाही, अशी धास्तीच त्याने घेतली होती.

शेवटी इलाज करायचं ठरलं. कोणता, ते ठरवायला मात्र सगळं ऑफिस बसलं! पुढारी अर्थातच आमचे मेस्त्री लांजेवार. त्यांचा स्वतःच्या घड्याळावरसुद्धा विश्वास नव्हता.

*

पहिला मान बाजारातल्या वैदूला. तो म्हणाला, "हा लेप लावा, खड्डे भरून येते."

"आधी तू लाव," लांजेवार म्हणाले.

वैदूने हसत हसत स्वतःच्या गालाला लेप फासला. आम्ही खूश! लांजेवार मात्र वसंताचा हात धरून निघाले. जाता जाता वैदूला म्हणाले, "तुह्या गालावर खड्डाच नाही गा. भरला का नाही, मले कसं दिसन?"

*

मग मेडिकल स्टोअर. दुकानदाराने एक ट्यूब काढली. "रोज लावा, गोरे होऊन जाल."

"अन् खड्डे?" वसंताने विचारलं.

"गोऱ्या तोंडावर तेवढे दिसत नाही ना भाऊ."

लांजेवारांनी ट्यूब उजेडात धरून उलटसुलट बघितली. "म्हणजे खड्डा तसाच, अन् वरून चुना! हे त आपले ठेकेदारबी करते. चाल वसंता."

*

नागपूरला कातडीचे एक डॉक्टर मशीनने चेहरा घासून देतात, अशी खबर आली. वसंता सुटी मागायला साहेबांकडे गेला. साहेब नुकतेच बदलून आलेले आणि संशयात आमच्याही वरचढ.

"सुटी कशासाठी?"

वसंता लाजला. खाली मान घालून म्हणाला, "मुरमासाठी, साहेब. नागपूरले जाऊन राहिलो."

"मुरमासाठी नागपूरला? आपली रस्त्याच्या मुरमाची खदान संपली का?"

"खदानीतला नाही साहेब. माह्या सोताचा हाय."

"तुझा स्वतःचा मुरूम?" साहेब ताडकन उठले. मी मध्ये पडून गालाकडे बोट दाखवलं, तेव्हा कुठे सुटी मिळाली. पण दुपारी साहेब कोणाला न सांगता जीप घेऊन खदान मोजायला गेलेच!

*

नागपूरला मी आणि लांजेवार सोबत गेलो. डॉक्टरांनी आधीच्या पेशंटांचे फोटो दाखवले. घासण्याआधीचा एक, नंतरचा एक. वसंता हरखून गेला.

"पहिला फोटू भर उन्हात, बाजूनं काढला. दुसरा सावलीत, समोरून," लांजेवार म्हणाले. "रस्त्याचे फोटू आम्हीबी असेच काढतो, डॉक्टरसाहेब!"

डॉक्टर चिडले नाहीत, हसले. म्हणाले, "खड्डे पूर्ण जाणार नाहीत, उथळ होतील. आधी खपल्या, मग लाली. आणि उन्हात गेलात तर काळे डाग पडतील, ते वेगळेच."

लांजेवार वसंताच्या कानात म्हणाले, "हा खराब बाजू आधी सांगते. यालेच काम देऊ." आणि डॉक्टरांना मोठ्याने, "पण आधी सँपल! एकच गाल करा. पावसाळा काढू, टिकला त दुसरा."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, पण उजवा गाल तेवढा करून दिला.

*

ऊन वर्ज्य आणि नोकरी रस्त्यावरची! वसंता तोंडाला दुपट्टा गुंडाळून, वर छत्री धरून साईटवर उभा राहू लागला. मजुरांत कुजबुज सुरू झाली, "सायब तोंड लपवून काहून उभा हाय? चौकशी लागली वाटते!"

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने रस्त्याचा उखडलेला सगळा तुकडा, कोणी न सांगता, नव्याने करून दिला!

*

दुसरा गाल व्हायच्या आधीच आंबागडचं स्थळ आलं. मुलीच्या घरी लांजेवारांनी वसंताला अशा कोपऱ्यात बसवलं की मुलीला फक्त उजवा गाल दिसावा. डावा भिंतीकडे. वसंताच्या कपाळावर घाम. आता इथूनही नकार आला तर हा पुन्हा कुठे मुलगी बघायला जायचा नाही, हे मला माहीत होतं. मला त्याच्याकडे बघवेना.

मुलगी, सुमन, चहा घेऊन आली. कप ठेवला, मग पाण्याचा गिलास घेऊन भिंतीच्या बाजूने आली आणि तिथेच थबकली.

"काही इचाराचं असन त इचार," तिचे वडील म्हणाले.

"एकच इचाराचं हाय," सुमन म्हणाली. "तिकडून एक माणूस दिसते, इकडून दुसरा. माह्यं लगन कोणाशी लावून राहिले?"

वसंताने मान वळवली. डावा गाल पूर्ण तिच्यासमोर आणला आणि म्हणाला, "याच्याशी. तिकडचा गाल डॉक्टरनं घासला हाय."

सुमनने सावकाश बघून घेतलं.

"मंग त्या बिचाऱ्या गालाले कायले घासलं?"